पान तिसरं

४ जून
ह्यांच्या स्थानबद्धतेच्या हुकुमाची प्रत आज एकदाची मिळाली. खटला नाही, पुरावा नाही — सरकारी नोकर आहे आणि 'सुरक्षेला धोका' आहे, बस्स! अठरा वर्षं पाणीपुरवठ्यात पाइपलाइनचे नकाशे काढणारा माणूस. झुरळ मारायलासुद्धा मला हाक मारतात. न्यायला आलेले पोलीस म्हणाले, टाकीचा नकाशा घरी नेला. नेलाच! साहेबालाच तो सकाळी हवा होता.

५ जून
ह्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या भावजींकडे गेले. नकाशा ऑफिसच्याच कामाचा होता, एवढंच प्रतिज्ञापत्र द्या म्हटलं. दार अर्धंच उघडलं. "वहिनी, जरा वातावरण निवळू दे."
अठरा वर्षं ह्यांच्या डब्यातलं खाल्लं! शेपूटघालू मेला. असल्यांची मला किळस येते.

९ जून
जाऊबाईंचा फोन. "आमचं नाव कुठे घेऊ नका हं." कोण घेतंय!

१७ जून
वकीलबाई हुकूम वाचता वाचता थांबल्या. मागचं पान उलटून पुन्हा वाचलं आणि हसल्याच. तिसऱ्या पानावर हे चक्क सरकारी दवाखान्यात कंपाउंडर आहेत आणि संशयितांना औषधं पोचवतात! एकाच दिवशी दोन हुकूम टाइप झाले, पानांची अदलाबदल झाली. आणि शेवटी हुकूम काढणाऱ्या साहेबांची झोकदार सही — 'पूर्ण विचारांती खात्री पटल्याने'. कसला विचार, कसली खात्री! वाचायचेसुद्धा कष्ट नाहीत. ह्या अडाण्यांच्या हातात देशाची सुरक्षा.

२ जुलै
कोर्ट. सरकारी वकील म्हणाले, "किरकोळ चूक आहे." न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं. "आत ठेवलेला माणूस किरकोळ आहे का?"
हुकूम रद्द! मी तिथेच रडले. त्या भावजींना पेढा नाही, पाणीसुद्धा विचारणार नाही.

४ जुलै
घरी आलेत. किती वाळलेत! कपाटाचं दार वाजलं तरी दचकतात. कामावर अजून घेत नाहीत, "वर विचारलंय" म्हणे.

११ जुलै
दुपारी दारात एक बाई. त्या कंपाउंडरची बायको. तो अजून आतच. त्याच्या हुकुमात तिसरं पान आमचं — टाकी, नकाशा, सगळं. "'हे पान माझं आहे', एवढंच दादांनी लिहून द्यावं."
आत हे उठले, पेन शोधू लागले. मी दार अर्धंच उघडलं होतं.
"ताई," मी म्हटलं, "जरा वातावरण निवळू दे."