बाईंची जागा

६ जुलै

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी फोन उचलत नाही म्हणून गाल फुगवून बसली आहेस, ते अक्षरावरूनच कळलं. मी बरी आहे. तुझे जुळे शाळेत जायला लागले हे वाचून हायसं वाटलं. विमा कंपनीतल्या नोकरीबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, त्यावरून काय समजायचं ते समजले.

आपल्या अर्थशास्त्र विभागात बातम्यांना तोटा नाही. नवे संगणक आले. ते ठेवायला टेबलं पुढच्या वर्षी येणार म्हणे. विभागप्रमुख, म्हणजे तुमचे आकडेसर, तब्येतीसाठी जिने चढतात आणि वर पोचले की बराच वेळ कोणाशी बोलत नाहीत. विभागात तेवढीच शांतता.

आता कामाचं. प्रबंध अर्धवट टाकलेल्यांना पुन्हा नोंदणी करता येणार आहे. भाजीचे भाव चढताना झरझर चढतात आणि उतरताना का रेंगाळतात, हे शोधता शोधता तू बाळंतपणाला गेलीस ती गेलीसच. उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

शिवाय अध्यापकाची एक जागा निघाली आहे. प्रबंध चालू असला तरी अर्ज करता येतो. कोणीतरी जातंय म्हणून जागा निघाली, ते जाऊ दे.

ग्रंथालयाला रंग दिला. पिवळा. डोळ्यांना त्रास होतो.

जाऊ दे म्हटलं तरी तू सोडणार नाहीस. जागा माझी आहे गं. उन्हाळ्यात घशात गाठ निघाली. ती काढताना स्वरयंत्रही काढावं लागलं. जिवाला असलेला धोका टळला. यंत्र लावून थोडंफार बोलता येईल, पण तासभर शिकवणं नाही. फोन उचलून मी काय करणार होते?

आकडेसर म्हणाले, "बाई, घरी बसा, विश्रांती घ्या." मी मान हलवली आणि थेट वर्गात गेले. फळ्यावर लिहिलं, 'माझा आवाज गेला आहे. डोकं जागेवर आहे.' मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "बाई, मग आम्हाला ओरडणार कोण?" सगळे हसले. मीही हसले. नुसते खांदे हलले. ते पाहून पोरं गप्प झाली.

मग मी फळ्यावर लिहीत गेले आणि पहिल्या बाकावरची मुलगी मोठ्याने वाचत गेली. छान वाचते. पण कुठे थांबायचं, कुठे पोरांकडे बघायचं, ते तिला कसं कळावं? तू असतीस तर पहिल्याच वाक्याला "पण बाई!" म्हणून उठली असतीस. तास संपल्यावर मी रिकाम्या वर्गात बसून रडले. आवाज न करता रडणं फार सोपं झालंय.

प्रबंधाच्या विद्यार्थ्यांना मी लिहून मार्गदर्शन करणारच आहे. वर्ग मात्र दुसऱ्या कोणाला तरी घ्यावा लागेल. निवड समितीत मी नसेन, शब्दही टाकणार नाही. आता शब्द टाकायचा म्हणजे केवढा खटाटोप! तरी अर्ज कर. माझ्या मनात दुसरं कोणी येतच नाही.

तुझी वाट पाहणारी,
बाई

१५ जुलै

ती. बाईंना,
साष्टांग नमस्कार.

पत्र ऑफिसात उघडलं. निम्मं वाचून जिन्यात जाऊन बसले. उरलेलं धड दिसेना. साहेबांनी विचारलं, "घरचं कोणी आजारी आहे का?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते.

घरी ह्यांना पत्र वाचायला दिलं. दोन गावांत दोन चुली, जुळ्यांचं आजारपण, सगळं मी धडाधड बोलून टाकलं. शांतपणे ऐकून घेऊन हे म्हणाले, "पोरांना मी बघतो. तू आधी बाईंना बघून ये."

नोंदणीचे कागद आणि अध्यापकपदाचा अर्ज, दोन्ही काल पाठवले. मुलाखतीत निवडतील की नाही, कोण जाणे. माझ्यासारख्या प्रबंध टाकून गेलेल्या बाईला कोण घेणार, असंही वाटतं. पण जागा दुसऱ्या कोणाला मिळाली तरी प्रबंध मी पुरा करणार, आणि तो तुमच्याच हाताखाली.

रविवारी सकाळी येते. तुमच्यावर रागावले आहे. एवढं मोठं ऑपरेशन, आणि मला कळवलं नाहीत! तुम्हाला उलट बोलता येणार नाही म्हणून काही सोडणार नाही. पोटभर भांडेन, आणि मग तुम्ही हाकललंत तरी संध्याकाळपर्यंत हलणार नाही.

दार उघडायला घाई करू नका. मी उभी राहीन.

तुमचीच