पाहुणी बरी झाली

अधारताल, जबलपूर
१४ सप्टेंबर २०२५

चि. दीक्षास,
आईचे आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र पोचलं, म्हणजे त्याचा फोटो पोचला. सुगतने मोबाइलवर मोठा करून दाखवला. अक्षराची दशा पाहून तीस वर्षं मास्तरीण असलेल्या माझी मान खाली गेली, पण मजकूर मराठीत आहे, म्हणून पास केलं. फोनवर तू "हां मम्मी, सब ठीक है" यापलीकडे बोलत नाहीस, आणि त्यातून कोणाला काय कळणार? म्हणून तर ही अट घातली. एक हंगाम जगभर स्क्वॉश खेळत फिर, पण प्रत्येक मुक्कामावरून घरी मराठीत पत्र पाहिजे. दुसरी अट तुला पाठ असेलच. मार्चपर्यंत जगातल्या पहिल्या दीडशे जणींत आलीस तर खेळ चालू, नाहीतर कटनीला बँकेत रुजू. बँकेची परीक्षा तूच पास केली आहेस, मी नाही.

कॅनडात तू कुण्या अनोळखी बाईच्या घरी राहिलीस, हे वाचून मात्र मला बसल्या जागी घाम फुटला. छोट्या स्पर्धांत हीच पद्धत असते, गावातली कुटुंबं खेळाडूंना घरी ठेवून घेतात, असं तू लिहितेस. अच्छा. त्या बाईने तुला आठवडाभर खोली दिली, सूप दिलं, विमानतळावर सोडलं, आणि तू तिला काय दिलंस? थँक्यू! आपल्याकडे तेवढ्यावर भागत नाही. ज्याच्या घरचं खाल्लं त्याला किंवा त्याच्यासारख्या कोणाला तरी आपल्या घरी जेवू घालायचं, आणि आपल्या घरचं खाल्लेल्याने बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. हा आपल्या घरचा नियम आहे, विमानात बसलं म्हणून तो सुटत नाही.

तुझे बाबा दोन दिवसांपासून विचारून राहिले, पोरगी पहिल्याच फेरीत काहून हरली म्हणून. मी सांगितलं, सूप पिऊन कोणी जिंकतं का. पुढच्या वेळी जवसाची चटणी घेऊन जा.

माया आहे तिथेच आहे, तू पत्र तेवढं जरा लांब लिही.
तुझी,
आई


कॉर्क, आयर्लंड
९ नोव्हेंबर २०२५

ती. आईस व बाबांस,
सविनय जयभीम. पत्र लिहिण्यास कारण की, अट.

इथे मी एका निवृत्त पोस्टमनकाकांकडे आहे. काकू चांगल्या आहेत, कुत्रा जास्त चांगला आहे, फक्त माझ्या पलंगाला तो स्वतःचा समजतो. तुझ्या बोलण्याने लाज वाटली म्हणून काल मी त्यांना झुणका करून घातला. काका म्हणाले, फार सुंदर, आणि मग बराच वेळ पाणी पीत राहिले. म्हणजे इथली थोडी फेड झाली असं धर.

खेळाचं सांगते. एक सामना जिंकले, एक हरले. आमच्या या छोट्या स्पर्धांत पंच पुरत नाहीत, म्हणून हरणाऱ्याने पुढच्या सामन्याला पंच म्हणून बसायचं असतं. त्या हिशेबाने पंच म्हणून माझा हंगाम फार जोरात चालला आहे. खेळाडू म्हणून मी एकशे अठ्ठ्याऐंशीवर आहे. सुगत म्हणेल, दीडशेला किती उरले ते बोटांवर मोज. त्याला सांग, भैया, तू आधी तुझ्या बी.कॉम.ची वर्षं मोज.

आई, एक खरं लिहू? तू म्हणतेस, चार भिंतींत कोंडून घेऊन चेंडू बडवण्यात कसलं सुख. पण त्या चार भिंतींत मी जितकी सुखी असते तितकी बाहेर कुठेच नसते, हरतानासुद्धा. कटनीचं नाव निघालं की मला रॅकेट उचलून पळून जावंसं वाटतं. बँक वाईट नाही, मलाच ती नको आहे. चलो, लिहून टाकलं.

बाबांच्या गुडघ्याला सांभाळा. लोभ आहेच, तो वाढला तरी माझी हरकत नाही.
आपली,
दीक्षा


अधारताल
१८ जानेवारी २०२६

चि. दीक्षास,
आशीर्वाद आणि जयभीम.

आनंदाची बातमी तुला माहीत असेलच, तरी आईच्या तोंडून ऐक. फेब्रुवारीत आपल्या सदर बाजारातल्या क्लबात तुमच्या दौऱ्याची स्पर्धा आहे, आणि तुझं नाव त्यात आहे. शेवटची संधी घरच्याच गावात आली. आता आणखी आनंदाची बातमी. परदेशी मुलींना ठेवून घ्यायला क्लबाचे लोक घरं शोधत होते. छावणीतल्या बंगल्यांची नावं आधी लागली, आणि अधारतालमधून पहिलं नाव माझं लागलं. जगाने माझ्या लेकीला घरात घेतलं, मग मी मागे राहू का? आपल्या वाट्याला नूर नावाची मुलगी आली आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची, वय एकोणीस.

तिला तुझी खोली देणार आहे. तू इथेच गावात, गोरखपूरला पद्मजामावशीकडे उतर. तोंड वाकडं करू नकोस. दोघींची गाठ पडायची वेळ आली तर एका घरात, एका ताटाशी बसून उठायचं आणि मग एकमेकींवर तुटून पडायचं, हे मला बघवणार नाही. मावशीकडचा दिवाण मऊ आहे.

बाबांनी तुझ्या खोलीतला पंखा पुसला. तुझ्यासाठी तो त्यांनी सहा वर्षांत पुसला नव्हता, हे मी आपलं नोंदवून ठेवते.

सुखरूप ये, बाकी आल्यावर बोलू.
तुझी,
आई


गोरखपूर, जबलपूर
१० फेब्रुवारी २०२६

ती. आईस,
सविनय जयभीम.

सुगतच्या हाती हे पत्र देते आहे. जग फिरून आले, सगळ्यांनी घरात घेतलं, आणि स्वतःच्या गावात मी पाहुणी! मावशी मला दर तासाला विचारते, संकोच करून राहिलीस का म्हणून.

सोडत तू पाहिलीच असशील. पहिल्या फेरीत माझ्यासमोर तुझी नूर आहे. माझा नंबर आता एकशे छप्पन्न आहे. इथे दोन सामने जिंकले की दीडशेच्या आत, आणि कटनीला रामराम. नूर माझ्याहून पुष्कळ वर आहे, हेही मला माहीत आहे.

आणि आता सुगत सांगतो की ती अंथरुणाला खिळली आहे. आल्या दिवशीच त्याने तिला सदरमध्ये हिंडवून चाट आणि वर खोवा जलेबी खाऊ घातली. माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उपयोगाचं काही केलं, तेही नकळत. परवा तिला उभं राहता आलं नाही तर ती माघार घेईल आणि मला पुढे चाल मिळेल.

तिला बरं करू नकोस असं मी म्हणत नाही. मी तुझी मुलगी आहे, मला लाज आहे. मी फक्त एवढंच विचारते, ती तुझ्या हातची मुगाची खिचडी, जिच्यावर आपण सगळे आजवर उठून बसलो, ती दोन दिवस उशिरा शिजली तर चालणार नाही का?

उत्तर सुगतबरोबर पाठव. त्याला इथे काही खायला देणार नाही.
तुझी,
दीक्षा


अधारताल
११ फेब्रुवारी २०२६

चि. दीक्षास,
आशीर्वाद आणि जयभीम.

खिचडी कालच शिजली. तुझं पत्र आलं तेव्हा पातेलं घासून पालथंही झालं होतं.

ऐक. ती पोरगी तुझ्या पलंगावर पाय पोटाशी घेऊन रडत होती. तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. त्या बाईला हिंदी येत नाही, मला अरबी येत नाही. तिने मला तिची चूल दाखवली, मी तिला माझी दाखवली, आणि मग दोघी रडलो. मी हाताने खुणा करून सांगितलं की पोरगी दोन दिवसांत खडखडीत होईल. शब्द दिला ना मी! आता तो मागे घ्यायला अरबी कुठून आणू?

पातेलं ढवळताना माझ्या मनात काही आलं नसेल असं समजू नकोस. सगळं आलं. कटनी आली, तुझ्या त्या चार भिंती आल्या, आणि हात एकदा थांबलासुद्धा. पण मग वाटलं, उद्या तूच कुठे परमुलखात तापाने फणफणलीस आणि तिथल्या बाईची मुलगी तुझ्याशीच खेळणार असली तर? त्या बाईने काय करावं असं मला वाटेल? मग हात पुन्हा फिरायला लागला.

आज सकाळी नूरने ताकातली आंबील दोनदा मागून घेतली. आता गच्चीवर दोरीच्या उड्या मारून राहिली आहे, खाली छताची माती पडते. तुझे बाबा कौतुकाने म्हणतात, अगं, किती हलकी उडते! मी त्यांच्या हातात केरसुणी दिली.

उद्या आम्ही सगळे येतो. तुला खेळताना मी अजून पाहिलेलं नाही. रागाव, पण पोटभर जेव.
तुझी,
आई


गोरखपूर
१२ फेब्रुवारी २०२६

ती. आईस,
सविनय जयभीम.

तू पाहिलंसच, तरी अट म्हणून लिहिते. पाचव्या गेमपर्यंत नेलं आणि नऊ-अकराने हरले. शेवटी तिचे पाय चालत होते आणि माझे संपले होते. खिचडी चांगली लागू पडली, नूरला माझ्यातर्फे सांग.

मग नियमाप्रमाणे पुढच्या सामन्याला पंच म्हणून बसले. डोळ्यांत पाणी होतं, पण एकही निर्णय चुकला नाही.

नूर जाईपर्यंत मी मावशीकडेच राहते. मार्चअखेर रुजू होते असं कटनीला कळवणार आहे. तुझ्यावर राग आहे. किती दिवस राहील ते माहीत नाही, पण पत्र मराठीत आहे.
तुझी,
दीक्षा


अधारताल
१७ फेब्रुवारी २०२६

चि. दीक्षास,
अनेक अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

नूर काल गेली. जाताना बाबांच्या पाया पडली. सुगतने शिकवलं असणार. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे, घरी ये.

त्या दिवशी काचेमागे बसून मी तुला पाहिलं. चपाती लाटायला वाकलं की जिची कंबर दुखते ती मुलगी जमिनीसरशी वाकून चेंडू उचलत होती, आपटत होती, उठत होती, आणि मधेच हसत होती. हरायला लागलीस तरी हसत होतीस. आयर्लंडहून लिहिलेलं ते सुख मला तेव्हा दिसलं. टाळी कोणासाठी वाजवावी कळेना, पाहुणी ती आणि पोटची तू, म्हणून हात पदरात घट्ट धरून बसले. बाबांनी दोघींसाठी वाजवली. त्यांचं सगळं सोपं असतं. घरी येऊन मी मोरीत जाऊन रडले, दीक्षा. मी घातलेल्या अटीचा मला राग आला.

अट मोडणारी मी नव्हे. पण परवा नूरच्या आईचा निरोप आला. अरबीतून नूरने इंग्रजीत केला, सुगतने हिंदीत, मी मराठीत. तिचं म्हणणं असं, की माझ्या लेकीला तुम्ही आईसारखं सांभाळलंत, आता तुमची लेक आमच्याकडे पाठवा. नूर जिथे सराव करते तिथेच तीन महिने दोघी मिळून सराव करतील, तिथल्या स्पर्धा खेळतील, खोली तयार आहे.

आता काय करू? आपल्या घरचं खाल्लेल्याने बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. नियम मीच सांगितला होता, तुझ्या पहिल्या पत्राच्या उत्तरात आहे तो, काढून बघ. मी हो कळवून बसले. कटनीला काय लिहायचं ते तू ठरव. पण बँकेची परीक्षा पुन्हा देता येते, तुझ्या बाबांनी फॅक्टरीत लागायची तीनदा दिली होती. पत्रांची अट मात्र कायम.

तर जा. त्या बाईच्या हातचं पोटभर खा, तिची भांडी घासून दे, आजारी पडलीस तर तिच्याकडून बरी हो. आणि मग तिच्याच गावात, तिच्याच डोळ्यांदेखत तिच्या पोरीला हरवून ये. पाहुणी बरी झाली की आईला कसं वाटतं, ते एकदा तिलाही कळू दे.

तुझी वाट पाहणारी,
आई