लाल दोऱ्याची गाठ

राजकोट, ता. ९ मार्च २०२५

ती. उत्तमदादास,
रोशनचा स. जयभीम वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून तू मागवलेल्या पंपाच्या रबरी सीलच्या पार्सलात पत्र घालून राहिलो. पार्सल तर उघडशीलच.

अलकाताई फोनवर रडत होती. तिच्या सासऱ्याले, तिगावच्या नत्थूजींले, तू जुना पंप दुरुस्त करून विकला, त्याची मोटर पंधरा दिवसांत जळली. संत्र्याची बारकी फळं गळून राहिली अन् भावानं रंगवलेला डबा गळ्यात मारला म्हणून ताईले रोज ऐकावं लागते. खरंच बोलतात ते. तुझं दुकान म्हणजे ब्युटी पार्लर आहे. भंगारातून उचलला, हिरवा रंग फासला, अगरबत्ती फिरवली, झाला नवा. इथं कारखान्यात आम्ही प्रत्येक पंप पुरा खोलतो, मगच गाडीवर चढवतो. तुले हे समजाले दोन जन्म लागतील.

तो पंप खोल अन् काय पाप केलं ते लिहून पाठव. तोपर्यंत मले भाऊ म्हणू नको.

लोभाचं तू पाहून घे.
रोशन

सौंसर, ता. १८ मार्च

चि. रोशनास अ. आ.

सील भेटले. दोन लहान निघाले. राजकोटात मोजपट्टी नसते वाटते.

साहेबांचा हुकूम म्हणून तिगावले जाऊन नत्थूजी अन् अलकासमोर पंप खोलला. मोटरच्या तारांची वाइंडिंग काळी झाली होती. तारांवर वॉर्निशचा थेंब नव्हता, मंग जळणारच. बांधलेला दोरा लाल, दर तिसऱ्या फेऱ्याले दुहेरी गाठ. आपल्या दुकानात अशी गाठ एकच शहाणा मारत होता. दिवाळीनंतर भांडून पळाला तो, काम अर्धं टाकून.

बाकी सगळे पंप मीही खोलून पाहतो. हा नाही खोलला, कारण वाइंडिंग तुझी होती. एवढा मूर्ख मीच.

नत्थूजींनी विचारलं, ही वाइंडिंग कोणी भरली? मी म्हटलं, मी. अलकानं गाठ ओळखली, माझ्याकडे पाहिलं अन् चहा ठेवाले उठली.

तब्येत सांभाळ.
उत्तम

राजकोट, ता. २७ मार्च

ती. दादास, जयभीम.

वॉर्निश दुसऱ्या दिवशी पाजणार होतो. मंग आपलं भांडण झालं. निघताना तुले सांगाले तोंड उघडलं असतं तर तेवढ्यानं मी लहान झालो असतो, असं वाटलं.

सेठले सुट्टी मागितली. तो म्हणाला, दुसरा माणूस ठेवतो. ठेव म्हटलं.

६ एप्रिलच्या रविवारी तिगावले उतरतो. तार, वॉर्निश घेऊन तिथंच ये. नत्थूजींले मी सांगीन, तू मधात बोलू नको. तुझं खोटं मले कधीच पटलं नाही, माझ्यासाठी बोललेलं तर बिलकूलच नाही.

येईपर्यंत थोडा लोभ राहू दे.
तुझा भाऊ,
रोशन