यजमान नसलेलं दुकान

म्हैसूर
सोमवार, दुपारचं जेवण आटोपून

तीर्थरूप वेंकोजीअण्णा,

तुमच्या पायांशी धाकट्या गोदावरीचा वाकून नमस्कार, आणि वैनींना मनापासून प्रेम. मी बरी आहे, बीपीची गोळी चुकवत नाही. काळजी आहे ती तुमच्या उजव्या गुडघ्याची. तेल लावून शेकता की नुसतं शिमोग्याच्या हवेला नावं ठेवता ते कळवावं. (पाण्याची टाकी भरली का ते बघायला तुम्ही दिवसातून तीनदा गच्चीवर चढता, हे मला कोणी सांगितलं ते विचारू नये. वैनींना तर मुळीच विचारू नये.) पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही.

तुम्ही सोपवलेलं काम झालं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. चैत्राचं हिनकलचं पुस्तकांचं दुकान बंद झालं. शटर मी माझ्या हाताने खाली ओढलं. आता पाणी प्या आणि मग पुढे वाचा.

आठ महिन्यांपूर्वी तुमच्या लेकीने कंप्युटरची नोकरी सोडून हे दुकान काढलं, तेव्हापासून तुम्ही तिच्याशी बोलत नाही आणि ती तुमच्याशी बोलत नाही. दोघं मिळून माझ्याशी बोलता, म्हणजे मलाच सगळं दोनदा ऐकावं लागतं. शेवटी गेल्या महिन्यात तुम्ही मला म्हणालात, "गोदा, तू एकतीस वर्षं नोकरदार बायकांचं वसतिगृह चालवलंस, तुझ्या एका हाकेला तीन मजले उठायचे. जा, आणि ते अराजकवाद्यांचं दुकान बंद करून ये." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही बंद करायला सांगितलंच नव्हतं.

तर मी गेले. दुकान म्हणजे विजयेंद्र नावाच्या गृहस्थांची बंद पडलेली पिठाची गिरणी. गिरणीतलं यंत्र गेलं, पण पीठ गेलं नव्हतं. पंखा तीनवर केला की छतातून भुरभुर पीठ पडायचं आणि वाचणारी तरुण मुलं दहा मिनिटांत माझ्या वयाची दिसायला लागायची. बाहेर कन्नडमध्ये हाताने रंगवलेली पाटी होती, ‘यजमानरिल्ला’. म्हणजे यजमान नाहीत, मालक कोणी नाही. चैत्राच्या मते हा मोठा विचार आहे. हिनकलच्या लोकांच्या मते हा निरोप होता. कुरियरवाला पाटी वाचून पार्सल परत घेऊन जायचा. मीटर बघणारा तीनदा आला आणि तीनदा "यजमान आले की येतो" म्हणून गेला. समोरच्या घरातली एक म्हातारी तर हळद-कुंकवाचं ताट परत आत घेऊन गेली, कारण कन्नडमध्ये यजमान म्हणजे नवरासुद्धा, आणि तिला वाटलं आत सगळ्या माझ्यासारख्या विधवाच बसल्या आहेत.

मी आत जाऊन पहिला प्रश्न विचारला, "इथलं इन्चार्ज कोण?" स्पंदना नावाची एक मुलगी शिडीवर बसून पुस्तकं लावत होती. (लावत होती म्हणजे कोंबत होती.) ती म्हणाली, "कोणी नाही, आत्त्या." मग निर्णय कोण घेतं? "सगळे." मग चूक झाली तर ओरडा कोणाला बसतो? यावर ती हातातलं पुस्तक चाळायला लागली. बहुधा हा प्रश्न त्यांच्या एकाही पुस्तकात नसावा. तेवढ्यात चैत्रा आली. केसांत पीठ, कोपराला शाई, आणि वजन चांगलंच उतरलेलं. (हे वैनींना वाचून दाखवू नका.) मी तिला म्हटलं, बाई, अराजकवाद म्हणजे नक्की काय ते मला एका वाक्यात सांग, तुझ्या अप्पांना कळवायचं आहे. ती म्हणाली, "डोक्यावर बसणारा नको आत्त्या, शेजारी बसणारा हवा." बाँब वगैरे काही दिसले नाहीत. एक प्रेशर कुकर होता, पण त्याची शिट्टी हरवलेली.

आता मी तिथे बंद करायला गेले होते, काम करायला नाही, हे लक्षात ठेवा. पण ती पुस्तकं मला बघवेनात. स्त्रियांचे हक्क, गिरणीतले संप, तुरुंगातली पत्रं, झाडं लावायची माहिती, सगळं एकमेकांच्या डोक्यावर. मी नुसता एक कप्पा नीट केला, मग दुसरा, आणि दिवे लागेपर्यंत पूर्व भिंत उंचीप्रमाणे उभी केली, प्रार्थनेला मुली उभ्या करायचे तशी. कोणी अडवलं नाही. उलट भिंतीवरच्या कामांच्या कागदावर ‘पूर्व भिंत’ असं लिहून त्यापुढे कोणीतरी माझं नाव घातलं. तुम्ही म्हणाल, तिथेच उठून यायचं होतं. पण अण्णा, पश्चिम भिंत अजून बाकी होती!

रविवारी तिथे सगळे मिळून स्वयंपाक करायचे आणि जो येईल तो जेवायचा. कोणी कोणाला काम सांगायचं नाही, ज्याला जे दिसेल ते त्याने करावं. त्या रविवारी बिसिबेळे भात होता. स्पंदनाला दिसलं की मीठ पडलेलं नाही, तिने घातलं. मेटगळ्ळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले सत्यनारायण नावाचे गृहस्थ आहेत, त्यांनाही तेच दिसलं. चैत्राला दिसलं. आणखी दोघांना दिसलं. पाच जणांनी आपल्या मर्जीने, कोणाच्याही दबावाशिवाय, एकाच पातेल्यात मीठ घातलं, आणि साठ माणसं पंगतीला बसली. मग माझा संयम सुटला. मी पदर खोचला, सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं, भात वाढवला, डाळ वाढवली, बटाटे टाकले, आणि तासाभरात जेवण माणसांच्या तोंडात जाण्यासारखं केलं. सगळ्यांनी दोनदा घेऊन खाल्लं. नंतर सभा झाली आणि मला फार गोड शब्दांत सांगण्यात आलं की इथे हुकूम चालत नाही, विनंती करावी. मी म्हटलं, मी विनंतीच केली, जरा मोठ्याने केली एवढंच. सत्यनारायण म्हणाले, "मेडम, तुमची विनंती हुणसूर रस्त्यापर्यंत ऐकू आली."

इथपर्यंत मी हसत लिहिलं. पुढचं लिहायला मध्ये चहा करून आले.

जेवणानंतर वाचन असतं. सगळे गोल बसतात आणि कोणीतरी एक पान मोठ्याने वाचतो, मग ज्याला जे आठवेल ते तो बोलतो. त्या दिवशीचं पान कामाच्या जागेच्या नियमांबद्दल होतं. कडकोळच्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणारी सुमा म्हणून एक बाई आहे, चाळिशीची असेल. ती सांगायला लागली. म्हणाली, अठरा वर्षांची असताना मी वसतिगृहात राहायचे. साडेसातला फाटक बंद. एकदा कारखान्याच्या बसचं चाक पंक्चर झालं, पोचायला सात चाळीस झाले. वॉर्डनबाई फाटकाच्या आतच उभ्या होत्या. मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. मी पिशवी घेऊन भर पावसात मावशीकडे चालत गेले आणि परत तिथे पाऊल टाकलं नाही.

अण्णा, मला ते चाक आठवत नव्हतं, तो पाऊस आठवत नव्हता. वाक्य मात्र माझंच होतं. मी खाली मान घालून साडीवरचं पीठ झटकत बसले. कोणीतरी चिडून म्हणालं, कसली दुष्ट बाई. सुमा म्हणाली, "दुष्ट नव्हती. तिच्या हातात कोणीतरी किल्ली दिली होती आणि ती कधी वापरायची नाही ते सांगितलं नव्हतं."

सगळे उठल्यावर मी तिच्याजवळ गेले. माफी मागायची मला सवय नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (लहानपणी तुमचा पतंग फाडला त्याचीही अजून मागितलेली नाही.) मी म्हटलं, "सुमा, ती वॉर्डन मी." ती म्हणाली, "माहीत आहे, मेडम. तुम्ही पुस्तकं उंचीने लावत होतात तेव्हाच ओळखलं." मग मी म्हटलं, चुकलं माझं. तिने चहा दोन कपांत ओतला आणि एक माझ्याकडे सरकवला. मी तो प्यायले. साखर नव्हती, तरी मी सांगितलं नाही.

आता दुकान कसं बंद झालं ते. विजयेंद्रांना त्यांची जागा पापडाच्या यंत्रासाठी परत हवी झाली. बिचारे हात जोडून सांगायला आले. सभा बसली. चैत्रा दमली होती. ती म्हणाली, दुसरी जागा मिळत नाही, सगळे थकलो आहोत, दुकान बंद करू या. एकेक जण मान हलवत गेला. मी काही न करता तुमचं काम होत होतं, अण्णा! पण त्यांच्याकडे एक पद्धत आहे. ठरावाला एकाने जरी हात वर करून हरकत घेतली, तरी ठराव अडतो. मात्र अडवणाऱ्याने पुढची वाट काढून द्यायची. स्पंदनाने विचारलं, कोणाची हरकत? कोपऱ्यात सुमा आपलं अर्धं वाचलेलं पुस्तक पिशवीत घालावं की कप्प्यात ठेवावं अशी धरून उभी होती. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वर पाहिलं तर हात वर होता. माझाच होता.

हरकतीचं कारण मी कडक आवाजात सांगितलं, की सभेची नोटीस सात दिवस आधी लागलेली नाही, म्हणून ठराव बेकायदा आहे. तिथे कोणालाच कायद्याशी काही देणंघेणं नसल्यामुळे यावर बराच वेळ हसणं चाललं. चैत्रा हसली नाही. ती म्हणाली, "आत्त्या, मग जागा?"

तर अण्णा, हिनकलचं दुकान ठरल्याप्रमाणे बंद केलं. ते आता माझ्या पुढच्या हॉलमध्ये आहे. टेम्पोच्या दोन खेपांत सगळं आलं. पाटीसुद्धा आली आणि माझ्या दारावर लागली. शेजारच्या जमुनाबाई ती वाचून धावत आल्या आणि म्हणाल्या, अय्यो गोदावरी, तुझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, आता पाटी कशाला लावलीस? त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या आता रोज दुपारी येतात आणि संपाच्या इतिहासावर डोकं ठेवून झोपतात. चैत्रा मागच्या खोलीत राहते. रात्री दोन पोळ्या जास्त खायला लागली आहे. फाटकाला कुलूप आहे, पण किल्ली दाराबाहेर खिळ्यावर असते, कारण सुमाची बस कधीकधी उशिरा येते.

तुम्ही चिडाल हे मला ठाऊक आहे. चिडून झालं की वैनींना चहा करायला लावू नका, स्वतः करा. थोरांना दंडवत, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तेल.

तुमची,
गोदा

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. गिरणीतल्या पिठावर पोसलेले किडे पुस्तकांच्या पाठीची खळ खाऊन गेले आहेत. तीनेकशे पुस्तकं उघडली की पानं हातात येतात. इथे सगळ्यांना जगातल्या सगळ्या क्रांत्या माहीत आहेत, पण पुस्तक कसं शिवायचं ते कोणाला माहीत नाही. तुम्ही पस्तीस वर्षं छापखान्यात बांधणी केलीत. दुसऱ्या रविवारी यावं आणि शिकवावं. दाभण आणि मेणाचा दोरा तुमचाच आणा, इथला दोरा कच्चा आहे. मालक कोणी नसल्यामुळे, का आलात असं तुम्हाला कोणी विचारणार नाही.

ता. क. दुसरं. खाली पुस्तकांमुळे जागा उरली नाही, म्हणून तुमचा पलंग माडीवर हलवला आहे. गुडघ्याचं ध्यानात आहे. सत्यनारायण जिन्याला कठडा बसवत आहेत, विनंतीवरून.

ता. क. शेवटचं. तुम्ही येणार असं मी आधीच सांगून टाकलं, त्यामुळे पत्रक लागलंसुद्धा. त्यावर तुमचं नाव नुसतं ‘वेंकोजी’ असं आहे. ‘राव’ ही राजेशाहीतली पदवी आहे, ती इथे चालणार नाही, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. मी दोन तास भांडले. चैत्रा सभाभर एक शब्द बोलली नाही, शेवटी तुमचीच मुलगी. मी हरले आणि तुमची क्षमा मागायची म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. आत्ता पाकीट चिकटवायच्या आधी दारावरचं पत्रक पुन्हा बघून आले. ‘वेंकोजी’च्या पुढे, कागदाच्या अगदी कडेला, जागा नसताना, कोणीतरी शाईने ‘राव’ लिहिलं आहे. अक्षर चैत्राचं आहे.