आभाळातली पकड

बाबा, तुमाले जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुमच्यावरचा राग काढाले मले जागा सापडली ती एका विमानात. हसू नका. माही नात, लेकाची पोरगी, माह्याजवळच वाढली, आता इंजिनिअर झाली. तिनं मोबाइलवर दाखवलं. मोठं विमान आभाळात चालता चालता मागून एक लांब पाइप सोडते, पाइपाच्या टोकाले टोपली. लहान विमान मागून येते, आपली लोखंडी चोच त्या टोपलीत खुपसते, आत पकड बसते, अन् तेल पिते. दोघंबी उडूनच राह्यली. मी म्हटलं, "हे तं गाईले वासरू लावल्यासारखं झालं, पण गाय धावून राह्यली." ती म्हणते, "आजी, लागणं सोपं आहे. खरी कारागिरी सुटण्यात आहे. वासरू मागं हटलं, जरा जोर पडला, की पकड आपोआप सुटली पाह्यजे, दोन्हीकडची तोंडं बंद. नाई सुटली तं पाइप तुटते, दोघांच्याबी जिवावर बेतते." किती जोरानं सुटावं, हे तपासाचंच काम तिले मिळालं आहे, बंगलोरले.

तव्हा मले तुम्ही दिसले. पुलगावच्या टेसनावर कोळशाच्या इंजिनाले पाणी भरणारे. मी भाकर घेऊन आलेली, फलाटाच्या कडेले उभी. पाण्याच्या खांबाची सोंड इंजिनाच्या टाकीत, तिची साखळी तुमच्या मुठीत. इंजिनवाल्यानं इशाऱ्याआधीच गाडी हलवली. मी ओरडते, "बाबा, सोडा!" तुम्ही सोडत नाई. सोंड वाचली, साखळीत अडकून उजव्या हाताची बोटं गेली. साहेब म्हणे शाबास. दवाखान्यातून घरी आले अन् तुम्ही माह्यं नाव तिसरीतून काढलं. माय आधीच गेलेली. भात कालवाले, धोतर नेसवाले कोण? मी एकदाच विचारलं, "शाळेत जाऊ काय?" तुम्ही म्हटलं, "अन् माहा हात?" झालं. लग्न होईपर्यंत मी तुमचा हात. एक दिवस पाणी घेऊन लवकर परतली तं दाराच्या फटीतून पाह्यलं, तुम्ही डाव्या हातानं धोतराचा कासोटा मस्त खोचून राह्यले होते. माह्या बांगड्या वाजल्या, अन् तुम्ही तो सोडून देला. "ये माय, नेसव." मी नेसवलं. एवढी तिखट जीभ, साऱ्या जगाले पुरली, तुमच्यापुढंच काऊन वळली नाई, ह्याचं वाईट वाटते. त्या दिवशी भांडली असती तं कदाचित आपण दोघंबी सुटलो असतो.

बरं, पोरीचं सांगते. गेल्या आठवड्यात बॅग भरता भरता ती खाली बसली. "नाई जात मी. तुही साखरेची सुई रोज कोण देईन?" मी गप्प. मी गप्प बसली म्हणजे होकार, हे घरात सगळ्याइले ठाऊक आहे. कपडे बाहेर काढाले लागली ती. एक कुर्ता, मग दुसरा. तव्हा मी उठली, सुई भरली, लुगडं सरकवलं अन् तिच्यासमोर पोटात टोचली. "पाह्यलं? घाल ते कपडे आत. अन् तिथं जाऊन वाळक्या काडीसारखी नको होजो, खात जाजो." ती रडली, मले बिलगली. "आजी, किती हिंमत केली तू!" काल वर्ध्याच्या टेसनावरून तिले गाडीत बसवून देली.

हे पत्र कुठं टाकाचं नाई. तुमाले वाचताबी येत नव्हतं, म्हणून लिहाले भेव वाटत नाई. हिंमत-बिंमत काई नाई, बाबा. सुई मले पह्यल्या दिवसापासूनच घेता येत होती.