हेगला बारा वाजले

मंगळवार, १४ मार्च. सकाळी ११ वाजून ४० मिनिटं

ही वेळ आधी लिहून ठेवते, मग बाकीचं. बरोबर या वेळी सेन्योर आडेलिनोने माझ्या मुलीचा अर्ज संगणकावरून धाडला. आडेलिनो म्हणजे सरकारी वकिलांच्या कचेरीतला कारकून. मुदत दुपारी बाराची. वीस मिनिटं हाताशी आहेत असं त्याला वाटलं!

पण ते बारा हेगचे. तिकडे बारा वाजतात तेव्हा आपल्या पोर्तुगालात अकरा वाजलेले असतात. म्हणजे अर्ज पोचला तेव्हा तिकडे पाऊण वाजत आला होता. उशिरा आला, म्हणून बाद. कुणी उघडूनही पाहिला नाही.

एका तासाचा फरक या देशात शेंबड्या पोरालाही कळतो. जर्मनीत फुटबॉलचा सामना असला की कुणाची वेळ चुकत नाही!

लियोनोर जेवायला आली तेव्हा सूप फुंकता फुंकता म्हणाली, "आई, अर्ज बाद झाला."

हातातला डाव तसाच राहिला माझ्या. एका वर्षाची नेमणूक होती. सगळ्या युरोपचे सरकारी वकील हेगला एकत्र बसतात, देशोदेशी पसरलेले गुन्हे सोडवतात. त्यांच्यात बसून काम शिकायचं. पंधरा वर्षं ही पोरगी सरकारी वकील म्हणून वाल्दोसोच्या या कचेरीत मेंढ्यांच्या चोऱ्या आणि बांधावरची डोकेफोड हाताळते आहे. फ्रेंच मी स्वतः शिकवलं तिला, ती सहा वर्षांची असल्यापासून, याच टेबलावर.

"बाद म्हणजे? आता काय करायचं?"

"काही नाही. जाऊ दे ना आई. मक्याचा पाव संपला का?"

पाव! हिला पाव सुचतो!

बुधवार, १५ मार्च

कचेरीत जाऊन आले. जिना चढताना दोनदा थांबले.

आडेलिनो उठून उभा राहिला. खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

"दोना लुडोविना, मुदत बाराची होती. मी भिंतीवरचं घड्याळ बघूनच पाठवलं."

"भिंत तुमची, घड्याळ तुमचं. मुदत कुणाची होती?"

"हेगची."

"मग?"

त्याने लियोनोरच्या बंद दाराकडे पाहिलं. "मला जसं सांगितलं तसं..." एवढं म्हणून थांबला. चष्मा काढून पुसत बसला. "चूक झाली. माझीच म्हणा."

"'म्हणा' कशाला? आहे की नाही?"

"आहे, दोना लुडोविना."

अशी कबुली काय कामाची! ज्याच्याशी भांडायचं ते माणूसच मान खाली घालून उभं राहिलं की भांडणाचा सगळा भार आपल्याच अंगावर पडतो.

गुरुवार, १६ मार्च

गुडघा. दिवसभर दुसरं काही नाही.

रविवार, १९ मार्च

चर्चमधल्या मिस्सानंतर ग्रासियेतेबरोबर कॉफी. कॉन्व्हेंटपासूनची मैत्रीण, म्हणून तिला काहीही बोलायचा परवाना आहे असं ती धरून चालते.

"अगं, तुझी लेक त्रेचाळीस वर्षांची आहे. तिला भांडता येत नाही? तिचा तर धंदाच तो!"

"ती भांडत नाही म्हणून मला भांडावं लागतं."

"हेगला जायचं कुणाला आहे, लुडोविना? तिला, की तुला?"

"तू कॉफी पी. गार होतेय."

"गार झाली तरी पिईन. तू उत्तर दे."

दिलं नाही. असल्या प्रश्नाला उत्तर दिलं की तो प्रश्न खरा होऊन बसतो. मदर सुपिरियर म्हणायच्या, लुडोविनाची जीभ शाळेच्या कात्रीपेक्षा बरी कापते. ग्रासियेतेच्या जिभेबद्दल त्यांनी काही म्हटल्याचं आठवत नाही. म्हणायला हवं होतं!

बुधवार, २२ मार्च

लिस्बनला वरिष्ठांकडे तक्रार धाडली, नोंदणी टपालाने. दोन पानं. एक वाक्य फार चांगलं उतरलं: "संबंधित कर्मचाऱ्याची जबाबदारी निश्चित करण्यात यावी." चाळीस वर्षं मुलांच्या निबंधांवर लाल पेन्सिल चालवली त्याचं चीज झालं.

लियोनोरला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, जाऊ दे. या घरात ते दोन शब्द मला पुन्हा ऐकायचे नाहीत.

गुरुवार, ३० मार्च

उत्तर नाही. पोस्टमनच आता लांबून मान हलवतो, दारापर्यंत येत नाही. संतापायलाही ताकद लागते.

शुक्रवार, ७ एप्रिल. गुड फ्रायडे

मिरवणुकीत आडेलिनोची बायको इल्दा माझ्या पुढच्याच रांगेत होती. दरवर्षी वळून मेणबत्ती पेटवून देते. यंदा वळली नाही. चर्चच्या पायऱ्यांवर मात्र मला गाठलंच.

"त्याच्यावर चौकशी बसलीय, दोना लुडोविना. लिस्बनहून कागद आला. त्यात तुमची वाक्यं आहेत, तुम्ही लिहिलेली, जशीच्या तशी."

"मी जे झालं तेच लिहिलं, इल्दा."

"पेन्शनला आलेला माणूस आहे हो तो. जेवत नाही. काही विचारलं तर म्हणतो, तू यात पडू नकोस." मग अगदी हळू म्हणाली, "तुमच्या लियोनोरच्या पहिल्या दिवशी त्याने घरून केक नेला होता. आठवतं तुम्हाला?"

आठवतं. संत्र्याचा होता. मधोमध बसलेला.

घरी येऊन खारवलेला मासा शिजवला. लियोनोरने ताटात इकडचा तिकडे केला. मीसुद्धा. दोघींपैकी कुणीच विचारलं नाही का ते.

गुरुवार, २० एप्रिल

आडेलिनोला निलंबित केलं. ग्रासियेतेने फोन करून सांगितलं. वर म्हणाली, "मिळालं उत्तर तुला?"

शुक्रवार, २१ एप्रिल

सगळं लिहिते. हात दुखला तरी लिहिते.

दुपारी लियोनोर स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. मी म्हटलं, "आडेलिनोला घरी बसवलंय."

"माहीत आहे."

"झाला एकदाचा न्याय." म्हणताना माझा आवाज मलाच उसना वाटला.

तिने शेंग खाली ठेवली. "आई, त्याला थांबायला मी सांगितलं होतं."

मला समजलंच नाही. पुन्हा म्हणायला लावलं.

"सकाळी नऊलाच अर्ज पाठवायला बसला होता तो. मी म्हटलं, घाई नको, मला अजून एकदा वाचायचाय. बारापर्यंत वेळ आहे."

"आणि हेगची वेळ? तुझ्या लक्षात नव्हती?"

"होती."

नळ गळत होता तो बंद केला. मग बसले.

"का?"

"कारण मला जायचं नव्हतं. कधीच नव्हतं. तू रोज जेवताना तेच काढायचीस. नाही म्हटलं असतं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. म्हटलं, अर्ज करते आणि चुकवते. कुणावर काही यायचं नाही, तुलाही वाईट वाटायचं नाही."

"माझ्यासाठी राहिलीस?"

"तुझ्यासाठी? तुझा विचार केला असता तर पहिल्या गाडीने हेगला पळाले असते!" थोडं हसली. जीभ माझीच घेतलीय. "मला इथे बरं वाटतं, आई. मला मेंढ्यांच्या चोऱ्या आवडतात. चोर ओळखीचा असतो, मेंढीही ओळखीची असते."

मलाही हसू यायला हवं होतं. आलं असतंही. हेगचं काय, म्हातारीचं खूळ होतं, गेलं.

"आणि आडेलिनो?" मी विचारलं.

तिने टेबलावरची टरफलं एका बाजूला केली.

"त्याने तुझं नाव का नाही घेतलं?"

"मी घेऊ नका म्हटलेलं नाही. त्याने घेतलं नाही."

"तू घे म्हणालीस का?"

पुन्हा शेंगा उचलल्या. सोलायला लागली. "वाटलं होतं, समज देऊन सोडतील. आणि तक्रार कुणी केली, आई? मी केली का?"

"मी केली. खोट्या माहितीवर केली. ती माहिती कुणी दिली?"

"आता मी तोंड उघडलं तर चौकशी माझ्यावर येईल. पदसुद्धा जाईल कदाचित."

"हो. जाईल कदाचित."

"तू माझी आई आहेस."

"म्हणून तर विचारतेय. दुसऱ्या कुणाची असते तर विचारलं नसतं, सरळ लिहिलं असतं."

ती उठून गेली. दाणे अर्धेच निघाले होते. बाकीचे मी काढले. खाणार कोण, देव जाणे.

रविवार, २३ एप्रिल

मिस्साला गेले नाही. इल्दा समोर आली असती तर काय बोलणार?

तक्रार मागे घेते असं पत्र लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या आणि फाडलं. मागे घेतली तर आडेलिनोला काय मिळेल? माफी! केलंच नाही त्याची माफी. मान खाली घालून ती घेईल, आभारही मानेल, आणि गावात जन्मभर तोच "एक तास चुकलेला आडेलिनो" राहील. आणि लियोनोर न्यायालयात उभी राहून मेंढीचोराला विचारेल, खरं काय ते का नाही सांगितलंस?

दोन दिवस आम्ही एका घरात राहतो आहोत आणि जिन्यात भेटलो तर एकमेकींना वाट करून देतो. फार थकले. या वयात माणसाला आपल्या पोरीची बाजू घ्यायला मिळावी, एवढी तरी सवलत असावी.

सोमवार, २४ एप्रिल

सकाळी तिच्या दाराखालून सरकवलं. नक्कल इथे.

"माननीय लियोनोर, सरकारी वकील, वाल्दोसो यांस:

चौदा मार्चला अर्ज थांबवायला कुणी सांगितलं, हे तुम्ही स्वतः लिस्बनला कळवावं. कळवल्याचं उत्तर मला शुक्रवार, २८ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत लेखी द्यावं. न मिळाल्यास मी स्वतः कळवीन, आणि सहीखाली 'अर्जदाराची आई' असं लिहीन. तोंडी उत्तर चालणार नाही."