नऊ किलो शिसं

८ जुलै, मंगळ.
शिडाच्या होड्यांच्या क्लबची बैठक, अध्यक्ष कर्नलसाहेबांच्या छावणीतल्या बंगल्यावर. विषय एकच: माझ्या भावाची होडी. विश्वास, म्हणजे विशू, यापुढे वि. चौसष्ट वर्षांचा माणूस, वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त, आणि गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी कॅटमरान बांधतो. दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी जोडलेल्या, मध्ये जाळी, वर शीड. सोळा फुटी. गेल्या वर्षी पैठणचा नाथसागर ओलांडून परत येण्याच्या शर्यतीत तिने लोहाडेंच्या परदेशातून आणलेल्या अठरा फुटीला मागे टाकलं. एक वर्ष झालं तरी लोहाडेंचं पोट दुखायचं थांबलेलं नाही.

तर लोहाडेंचा ठराव: सोळा फुटीचं किमान वजन एकशे दहा किलो आहेच, पण होडी हलकी भरली तर शिसं चढवून ती तूट भरून काढायला मर्यादा हवी. तीन किलोच्या वर शिसं नको.

मी म्हणाले, तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होते. काटा एकशे दहा म्हणाला की एकशे दहा. त्यातलं लाकूड किती, शिसं किती, हे विचारणं म्हणजे किलोभर तुरीत दाणे किती ते मोजणं. कमी वजन देणाऱ्यांना मी आयुष्यभर पकडलं. इथे एका माणसाने कौशल्याने वस्तू हलकी केली, तर त्याला शिक्षा? आणि शिडाऐवजी नियमानेच जिंकायचं असेल तर लोहाडेंनी सरळ बसनं पलीकडे जावं.

हशा. ठराव पडला. शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, जीभ आवर, नाहीतर ती तुला आवरेल. सिस्टर फार बोलायच्या.

९ जुलै
वि. वरच्या मजल्यावरून सकाळीच खाली आला. हातात इमरतीचा पुडा. "अक्का, काल तू काय धुतलंस त्याला." दोन कप चहा प्याला, पेपर मला आधी दिला. गेल्या दहा वर्षांत असं झालेलं आठवत नाही. माझे गेले, त्याची गेली, पोरं पुण्याला आणि परदेशात. घरात आम्ही दोघंच. त्याला खूश बघून बरं वाटलं.
जरा जास्तच खूश होता.

१३ जुलै, रवि.
पैठणला, पाण्याकाठी वजनं. हे काम क्लबने माझ्याकडे दिलंय. तिपाईला साखळी, साखळीला काटा, काट्याला होडी. आधी माझी प्रमाणित वजनं टांगून काटा तपासला. वारा फार, झाकायला ताडपत्री धरली तरी आकडा नाचत होता. लोहाडेंची अठरा फुटी तिच्या नियमात बसली. मग वि.ची. एकशे दहा किलो, दोनशे ग्रॅम. टाळ्या. सही केली.

होडी खाली घेताना सवयीने मध्यावरच्या दांड्याखालचं शिसं बघितलं. गेल्या वर्षी दोन पट्ट्या होत्या. आता चार, आणि जाड. सोडवून काट्याला लावल्या. वि. म्हणाला, कशाला अक्का, झालंय ना वजन.
नऊ किलो.
गेल्या वर्षी चार होतं. म्हणजे होडीतून पाच किलो गेले. कुठून?
हे मी कुणालाच बोलले नाही. बोलायला काय होतं? शिशावर मर्यादा नको, हे मीच सगळ्यांसमोर सांगितलेलं.

१४ जुलै
वि.ला विचारलं. म्हणतो, लाकूड वाळलं. पाच किलोनं? म्हणतो, दोऱ्या बदलल्या. मी म्हणाले, दोऱ्या होत्या की साखळदंड. हसला आणि वर गेला.

१६ जुलै, बुध.
वि. बँकेत गेला होता. गॅरेजमध्ये गेले. भिंतीशी शिडाची जुनी डोलकाठी आडवी ठेवलेली. ॲल्युमिनियमची, तिचा रंग मला पाठ आहे. म्हणजे होडीवर आहे ती दुसरी. ती पण काळीच, म्हणून पैठणला लक्षात आलं नाही. जुनी काठी दोरीने छताच्या हुकाला टांगली आणि मध्ये काटा लावला. गुडघ्यांनी शिव्या दिल्या.

बारा किलो. एवढ्यातून पाच किलो सहज निघतील.

वि. आला तेव्हा मी तिथेच बसलेली. मग सांगितलं त्याने. नवी कार्बन फायबरची आहे, सात किलोची. हिशोब लागला. वाळूजला त्याच्या जुन्या सहकाऱ्याचं शेड आहे, पंख्याची पाती करतात. तिथे दोघांनी मिळून केली. वरचं वजन कमी, ते शिसं करून खाली आणलं. होडी डोलत नाही, नाक पाण्यात घालत नाही, नुसती सुटते. सांगताना हात हलत होते त्याचे, शाळेत विमानं करायचा तेव्हासारखे.
विचारलं, याआधी किती काठ्या केल्यात त्या शेडमध्ये?
"ही पहिली."

१९ जुलै, शनि.
रोज एकच गोष्ट डोक्यात. वि. सुकाणू धरून जाळीवर बसतो. पण फरहत बाहेर असते. फरहत म्हणजे त्याची जोडीदार, मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका, चौतीस वर्षांची, दंडात माझ्या दुप्पट जोर. होडी एका बाजूने उचलली गेली की ती कडेवर पाय रोवून पाण्यावर आडवी होते, कमरेच्या पट्ट्याला एक तार. ती तार डोलकाठीला. तिचं सगळं वजन त्या काठीवर. काठी गेली तर ती पाण्यात, आणि काठी, शीड, तारा तिच्या अंगावर.

काठी कदाचित भक्कम असेल. कार्बन लोखंडाला मागे टाकतं असं म्हणतात. मला माहीत नाही. काट्याला पण माहीत नाही. काटा वजन सांगतो, ताकद सांगत नाही. हे मला ८ तारखेला सुचायला हवं होतं.

२० जुलै
कर्नलसाहेबांकडे गेले. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, मॅडम, होडी वजनात आहे, सही तुमची आहे, ठराव तुम्ही पाडलात. कोणत्या नियमाने थांबवू?
नियमांची पुस्तिका मागून चाळली. मी नियम शोधत पानं उलटतेय ही त्यांच्यासाठी करमणूक असणार, पण ते हसले नाहीत.

फाटकात लोहाडे भेटले. "काय ताई, काटा काय म्हणतो?" टोमणा माझा मलाच परत. पण मी सांगितल्यावर चेहरा बदलला. म्हणाले, माझी हलकी केलेली काठी एकदा समुद्रात मोडली होती, म्हणून तर ठराव आणला होता; शिशाला मर्यादा नसली की माणूस काठी हलकी करत जातो. "मी आता तोंड उघडलं तर हरायला घाबरतो म्हणतील. तुम्हीच बोला."
तेव्हाच का नाही सांगितलं, असं विचारणार होते. मी सांगू दिलं असतं का?

२४ जुलै, गुरु.
फरहतला घरी बोलावलं. तिला थालीपीठ आवडतं. दोन खाऊन झाल्यावर काठीचं सगळं सांगितलं. वाटलं होतं, घाबरेल, निदान चिडेल.
"हौ मॅडम. मालूम है मेरे कू. जोरात वारा आला की कुरकुरते. सर म्हणाले नवीन आहे, बसेल."
म्हटलं, मग जातेस कशाला?
ताटातला लोण्याचा गोळा बोटाने फिरवला. म्हणाली, दिवसभर ती शाळेत कुणाची बाई, घरी कुणाची सून, कुणाची अम्मी. तारेवर पाण्याच्या वर असली की "उस वक्त मैं किसी की कुछ नहीं लगती, मॅडम." आणि वर हेही, की ती नाही गेली तर सर कुणातरी कॉलेजच्या मुलाला घेतील. वो तो जाएंगेच.

तिला थालीपीठ बांधून दिलं. दुसरं काय देणार.

२६ जुलै
वि.शी भांडण. जिन्यात, तो वर, मी खाली.
मी एकच मागितलं: काठी खाली उतरव, दोन टेकूंवर आडवी ठेव, मध्ये फरहतच्या दुप्पट वजन टांग. माझीच वजनं घे. टिकली तर शर्यतीच्या दिवशी मी स्वतः शिट्टी मारीन.
नाही म्हणाला. का? वेळ नाही. आठ दिवस आहेत. जागा नाही. गॅरेज आहे. शेवटी म्हणाला,
"वजनं टांगली आणि काठी गेली तर? मग काय घेऊन उतरू, अक्का?"

त्याचं त्यालाच ऐकू आलं. जिन्याचा कठडा धरून उभा राहिला. मग सुरू झाला. लोहाडे पुढच्या वर्षी नवी होडी आणतोय. त्याला पुन्हा गाठणं नाही. गुडघे, डोळे, हे शेवटचं वर्ष. आणि मी जन्मभर कमी वजनवाल्यांना पकडलं, त्याचं वजन पूर्ण भरलं तरी त्याला मोंढ्यातल्या व्यापाऱ्यासारखी वागवते.
म्हटलं, व्यापारी बरे. ते पोत्यातनं काढायचे, माणसातनं नाही.
फार बोलले. दार आपटून गेला. फुलंब्रीपर्यंत ऐकू गेलं असेल.

२९ जुलै
वि. खाली येत नाही. डबा वर ठेवला, तसाच परत. आज वरण तेवढं खाल्लंय. ते त्याला जन्मात सोडवत नाही.
सही मागे घेण्याचं पत्र लिहायला बसले. 'वजन बरोबर असूनही' इथपर्यंत आलं. पुढे काय लिहायचं

३१ जुलै
पत्र फाडलं. खोटं नव्हतं, पण त्याला अर्थही नव्हता. माझी सही वजनाखाली आहे आणि वजन बरोबर आहे. सही मागे घेतली तर कर्नल दुसऱ्या कुणाला काट्यापाशी उभं करतील, काटा तेच म्हणेल.

२ ऑगस्ट, शनि.
कर्नलसाहेबांना फोन. म्हटलं, उद्या मदतीच्या मोटरबोटीत मला जागा हवी.
पोहता येतं का? नाही. वय? त्यांना माहीत आहे, तरी विचारलं. मग तुम्ही तिथे करणार काय, मॅडम?
म्हटलं, काठी मोडली तर सगळे शिडाकडे बघतील. मी माणसाकडे बघीन. तारा कापायला मोठी कात्री हवी, ती मी आणते. पत्रा कापायची, चांगली धार आहे. तोल जाऊन मी पडले तर आधी फरहतला काढायचं, मला नंतर. हे लेखी देऊ?
लेखी नको म्हणाले. मग, "सात वाजता या."

३ ऑगस्ट, रवि. पैठण, मोटरबोटीत
अक्षर वाकडं येतंय, बोट हलते आहे. बोटवाला इथलाच, मासेमारी करणारा. मला म्हणाला, आजी, मधोमध बसा, कडंला नगं. बसले. मांडीवर कात्री.

ढग आहेत, पाऊस नाही. वारा मात्र मागचे दोन महिने कुठे साठवून ठेवला होता कोण जाणे. पाण्यावर पांढरे तुरे. लोहाडे काठावर शीड आवळतायत. मला बघून मान हलवली. टोमणा नाही.

वि.ने मला फुगीर नारिंगी जाकिटात पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा जवळ आला, गुडघाभर पाण्यातून. माझ्या जाकिटाचा खालचा पट्टा सुटा होता, तो ओढून बांधला. इतका घट्ट की श्वास अडकला.
म्हटलं, "विशू, अजून वेळ आहे."
"गप बस गं," म्हणाला. पण चिडून नाही. परत होडीपाशी गेला आणि डोलकाठीला तळहात लावून उभा राहिला. फरहत त्याच्याशी काहीतरी बोलली. त्याने मान डोलावली, की हलवली, लांबून कळलं नाही. मग दोघांनी होडी पाण्यात लोटली.

शर्यतीला पाच मिनिटं उरल्याचं निशाण वर. फरहतने तार कमरेला अडकवली.
बोटवाला विचारतोय, शर्यत सुटल्यावर कुणाच्या मागं ठेवू. नियमाप्रमाणे सगळ्यात शेवटच्या होडीमागे राहायचं असतं, असं तोच सांगतो.
विशूच्या सोळा फुटीच्या मागे ठेव म्हटलं. पुढे गेली तरी.
वही पिशवीत टाकते. कात्रीला दोन्ही हात लागतात.